झिरो-टर्न मोवर

झिरो-टर्न मोवर हे हिरवळीवरील गवत कापण्याचे, चालकाने वर बसून चालवायचे यंत्र आहे. या यंत्राच्या मागील दोन चाकांना एकमेकांपासून स्वतंत्र अशी चालना मिळते. त्यामुळे एक चाक पुढे व दुसरे मागे फिरवून यंत्र जागच्या जागी वळवता येते. वळणाची त्रिज्या अशा रीतीने शून्यापर्यंत आणता येते, म्हणून त्याला 'झिरो-टर्न' म्हणजे शून्य-वळण असे नाव पडले. अमेरिकेची संयुक्त संस्थाने हे या यंत्राचे उगमस्थान असून तेथील उपनगरांत व ग्रामीण भागांत, घराभोवती अर्धा एकर ते काही एकर हिरवळ असलेल्या कुटुंबांमध्ये त्याचा वापर मोठ्या प्रमाणावर होतो. बागकामाचा व्यवसाय करणारे ठेकेदार, शाळा, दफनभूमी व सार्वजनिक उद्याने येथेही ते वापरले जाते.

झाडे, फुलांचे वाफे, कुंपणाचे खांब अशा अडथळ्यांभोवती हे यंत्र बैठ्या हिरवळ-ट्रॅक्टरपेक्षा जलद काम करते. मात्र यंत्र वळवणे, त्याचा वेग राखणे आणि ते थांबवणे ही तिन्ही कामे मागील दोन चाकांवरच अवलंबून असतात. ओल्या किंवा उताराच्या जमिनीवर त्या चाकांची पकड सुटल्यास तिन्ही गोष्टींवरील नियंत्रण एकाच वेळी जाते. या कारणाने घरगुती वापरासाठी यंत्र निवडताना इंजिनाच्या शक्तीपेक्षा जमिनीचा उतार व आखणी यांचा विचार आधी करावा लागतो.

## इतिहास

### पार्श्वभूमी

गवत कापण्याच्या यंत्राचे पहिले पेटंट इंग्लंडमधील एडविन बडिंग यांनी १८३० मध्ये घेतले. ग्लॉस्टरशायर परगण्यातील स्ट्राउड परिसरात लोकरी कापडावरील तंतू समतल कापणारी यंत्रे होती. दंडगोलावर बसवलेल्या त्यांच्या पात्यांवरून बडिंग यांना ही कल्पना सुचली. पुढील शंभर वर्षे गवतकापणी यंत्रे मुख्यतः ढकलून, घोड्याने ओढून किंवा वाफेच्या व पेट्रोलच्या इंजिनावर चालवली जात.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत उपनगरांची झपाट्याने वाढ झाली. न्यू यॉर्क राज्यातील लाँग आयलंडवर १९४७ मध्ये उभारणी सुरू झालेले लेव्हिटाउन हे तिचे ठळक उदाहरण होय. स्वतंत्र घर व त्यासमोर नीट कापलेली हिरवळ हा मध्यमवर्गीय जीवनाचा भाग बनला. आडव्या पात्याची, पेट्रोलवर चालणारी स्वस्त यंत्रे याच काळात घरोघरी पोहोचली आणि मोठ्या आवारांसाठी वर बसून चालवायची यंत्रे तयार होऊ लागली. उपग्रह व हवाई छायाचित्रांच्या आधारे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार अमेरिकेतील घरगुती हिरवळी, उद्याने व गोल्फ मैदाने मिळून गवताखालील क्षेत्र सुमारे १.६ लाख चौरस किलोमीटर होते. हे क्षेत्र महाराष्ट्र राज्याच्या क्षेत्रफळाच्या निम्म्याहून थोडे अधिक भरते.

### शून्य-वळण यंत्राचा विकास

जागच्या जागी वळणाऱ्या मोवरच्या आरंभीच्या प्रयत्नांत मिसूरी राज्यातील वॉरेन्सबर्ग येथील मॅक्स स्विशर यांच्या 'राइड किंग' या तीनचाकी यंत्राचा उल्लेख केला जातो. आज प्रचलित असलेली रचना, म्हणजे दोन स्वतंत्र चालक चाके व दोन तरफा, हिचे श्रेय सामान्यतः कॅन्सस राज्यातील जॉन रेगियर यांना दिले जाते. त्यांनी १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात असे यंत्र बनवले. हेस्टन येथील एक्सेल इंडस्ट्रीज या कंपनीने ते 'हसलर' या नावाने बाजारात आणले. कॅन्सस हा गव्हाचा प्रदेश असून तेथे पीक कापून त्याच्या ओळी घालणारी 'स्वॅदर' ही शेतीयंत्रे प्रचलित होती. दोन्ही बाजूंच्या चाकांचा वेग वेगवेगळा ठेवून वळण घेण्याचे तत्त्व या यंत्रांतही वापरले जाई.

सुरुवातीला ही यंत्रे महाग होती व मुख्यतः व्यावसायिक ठेकेदार ती विकत घेत. १९७० च्या दशकात कॅन्सस राज्यातीलच डिक्सन या कंपनीने घरमालकांसाठी तुलनेने लहान यंत्रे आणली. पुढे पंप व मोटर एकाच कवचात बसवलेले आटोपशीर द्रवचालित संच उपलब्ध झाले. त्यामुळे उत्पादनखर्च कमी झाला आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी झिरो-टर्न मोवर सामान्य गृहोपयोगी वस्तूंच्या दुकानांतही मिळू लागले. टोरो, एक्समार्क, हसलर, स्कॅग, फेरिस, ग्रासहॉपर, जॉन डिअर, कब कॅडेट, हुस्कवार्ना व कुबोटा हे या क्षेत्रातील काही परिचित उत्पादक होत.

## रचना व कार्यपद्धती

### चालनप्रणाली

बहुतेक यंत्रांत इंजिन चालकाच्या पाठीमागे असते. इंजिनाच्या दांड्यावरील पट्टा दोन द्रवचालित पंपांना फिरवतो, एक डाव्या व दुसरा उजव्या चाकासाठी. प्रत्येक पंपात एक तिरपी तबकडी असते. चालकाने तरफ पुढे ढकलली की तबकडीचा कोन बदलतो, पंपातून मोटरकडे जाणाऱ्या तेलाचा प्रवाह वाढतो आणि ते चाक पुढे फिरते. तरफ मागे ओढल्यास प्रवाहाची दिशा उलटते व चाक मागे फिरते. तरफ मध्यावर आणली की प्रवाह थांबतो आणि चाकही थांबते. म्हणजेच सर्वसाधारण वापरात वेग कमी करण्याचे काम हीच प्रणाली करते. वेगळा ब्रेक असतो तो प्रामुख्याने यंत्र उभे करून ठेवण्यासाठी.

पुढील दोन चाके कॅस्टर प्रकारची, म्हणजे कार्यालयीन खुर्चीच्या चाकांप्रमाणे आपोआप कोणत्याही दिशेला फिरणारी असतात. ती यंत्राच्या पुढच्या भागाचा भार पेलतात, पण सर्वसाधारण रचनेत दिशा देण्यात किंवा थांबवण्यात त्यांचा वाटा नसतो.

### वळणाचे गणित

वळणाची त्रिज्या दोन्ही चालक चाकांच्या वेगांवर व त्यांच्यामधील अंतरावर अवलंबून असते. चाकांमधील अंतराच्या निमपटीला वेगांच्या बेरजेने गुणून वेगांच्या वजाबाकीने भागले असता यंत्राच्या मध्यबिंदूची वळणत्रिज्या मिळते. चाकांमधील अंतर १ मीटर असल्यास पुढील स्थिती संभवतात :

* उजवे चाक ताशी ६ किमी व डावे ४ किमी वेगाने फिरत असेल, तर त्रिज्या २.५ मीटर येते व यंत्र डावीकडे सैल वळण घेते.
* डावे चाक थांबलेले असेल, तर त्रिज्या अर्धा मीटर येते व यंत्र डाव्या चाकाभोवती फिरते.
* दोन्ही चाके समान वेगाने पण विरुद्ध दिशांना फिरत असतील, तर वेगांची बेरीज शून्य होते व त्रिज्याही शून्य होते.

यांपैकी दुसऱ्या स्थितीत थांबलेले चाक जमिनीवर घासले जाते व गवत उपटून गोल चट्टा पडतो. हा दोष टाळण्यासाठी अनुभवी चालक वळताना दोन्ही चाके फिरती ठेवतात किंवा थोडे मागे येऊन तीन टप्प्यांत वळण घेतात.

### कापणीचा भाग

यंत्राच्या पोटाखाली असलेल्या पोलादी आवरणास डेक म्हणतात. त्यात दोन किंवा तीन पाती आडवी फिरतात. अमेरिकेतील घरगुती यंत्रांच्या सुरक्षा-मानकानुसार पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फूट, म्हणजे ताशी सुमारे ३४७ किमी, याहून अधिक असता कामा नये. या वेगामुळे डेकखाली हवेचा झोत तयार होऊन गवत उभे राहते व समतल कापले जाते. त्याच वेगामुळे वाटेत आलेला खडा किंवा तारेचा तुकडा दूरवर फेकलाही जातो. कापलेले गवत बाजूच्या निर्गमद्वारातून बाहेर पडते, पिशवीत गोळा होते किंवा बारीक होऊन जमिनीतच मिसळते.

## उतारावरील मर्यादा

झिरो-टर्न मोवरचा सर्वांत महत्त्वाचा दोष त्याच्या गुणातूनच उद्भवतो. मोटारीचे मागील चाक घसरले तरी पुढील चाकांनी दिशा सांभाळता येते आणि चारही चाकांचे ब्रेक उपलब्ध असतात. झिरो-टर्न मोवरमध्ये अशी सोय नसते. उतारावरून खाली येताना यंत्राचा भार पुढील कॅस्टर चाकांवर सरकतो व मागील चालक चाके हलकी होतात. गवत ओले असल्यास ती घसरू लागतात. अशा वेळी तरफा मागे ओढल्या तरी यंत्र थांबेलच असे नाही, कारण थांबवणारी चाकेच जमीन सोडत असतात.

उताराला आडवे जाताना वेगळी अडचण येते. वरच्या बाजूच्या चाकावरील भार कमी होतो आणि मोकळेपणाने फिरणारी पुढील चाके उताराच्या दिशेने ओढली जातात. सरळ जाण्यासाठी चालकाला सतत भरपाई करावी लागते. पकड सुटली की यंत्राचे तोंड खाली वळते.

या कारणांमुळे बरेच उत्पादक १५ अंशांपेक्षा अधिक उतारावर यंत्र चालवू नये असे बजावतात, तर काही यंत्रांसाठी ही मर्यादा १० अंश असते. १५ अंशांचा उतार म्हणजे १० मीटर आडव्या अंतरात सुमारे २.७ मीटर चढ, तर १० अंशांचा म्हणजे सुमारे १.८ मीटर. नजरेच्या अंदाजाने उतार अनेकदा कमी वाटतो, म्हणून तो मोजणे हिताचे ठरते. एक मीटर लांबीची सरळ फळी पाणसळीच्या साहाय्याने आडवी धरावी. तिचे एक टोक जमिनीवर टेकलेले असताना दुसऱ्या टोकाखाली २७ सेंटिमीटर अंतर भरल्यास उतार सुमारे १५ अंशांचा असतो. १८ सेंटिमीटर भरल्यास तो सुमारे १० अंशांचा असतो.

तळ्याचा काठ, ओढ्याचा बांध, आधारभिंतीची कड अशा जागा विशेष धोक्याच्या मानल्या जातात. यंत्राच्या रुंदीच्या दुप्पट अंतर राखून कडेचे गवत हातयंत्राने कापावे, अशी सूचना अनेक उत्पादकांच्या माहितीपुस्तिकांत आढळते.

## घरगुती हिरवळीसाठी निवड

### जमिनीची पाहणी

निवडीचा पहिला टप्पा आवाराची पाहणी हा असतो. सर्वाधिक उतार, नेहमी ओलसर राहणारे भाग, झाडांची संख्या, सर्वांत अरुंद वाट आणि यंत्र ठेवण्याची जागा या बाबी नोंदवल्या जातात. आवाराचा मोठा भाग १५ अंशांहून अधिक उताराचा असेल, तर कोणतेही महागडे प्रतिमान घेतले तरी ही मूळ अडचण दूर होत नाही. आवार सपाट असून एखादाच उतार तीव्र असेल, तर तेवढा भाग हातयंत्रासाठी सोडणे किंवा तेथे न कापावी लागणारी झुडपे लावणे हे मार्ग अवलंबले जातात.

सपाट पण अडथळ्यांनी भरलेल्या आवारात या यंत्राचा लाभ सर्वाधिक असतो. अडथळे नसलेल्या लांबट, मोकळ्या आवारात वळणे कमी घ्यावी लागतात. त्यामुळे ट्रॅक्टरच्या तुलनेत होणारी वेळेची बचतही कमी असते.

### डेकची रुंदी

घरगुती यंत्रांत डेकची रुंदी साधारणतः ४२ ते ६० इंच, म्हणजे १०७ ते १५२ सेंटिमीटर असते. कापणीचा वेळ डेकची रुंदी व यंत्राचा वेग यांच्या गुणाकारावरून काढता येतो. वळणे व एकमेकांवर येणारे पट्टे यांसाठी त्यातून सुमारे २० टक्के वजा केल्यास एक एकर, म्हणजे ४,०४७ चौरस मीटर हिरवळीसाठी पुढील अंदाज मिळतो.

| डेकची रुंदी | गृहीत वेग (ताशी) | एका एकरास वेळ |
|---|---|---|
| १०७ सेंमी (४२ इंच) | ८ किमी | सुमारे ३५ मिनिटे |
| १२२ सेंमी (४८ इंच) | ९ किमी | सुमारे २८ मिनिटे |
| १३७ सेंमी (५४ इंच) | १० किमी | सुमारे २२ मिनिटे |
| १५२ सेंमी (६० इंच) | १२ किमी | सुमारे १७ मिनिटे |

एका एकरासाठी सर्वांत लहान व सर्वांत मोठ्या डेकमधील फरक सुमारे १८ मिनिटांचा आहे. चार एकरांसाठी तो सव्वा तासाच्या जवळपास जातो. त्यामुळे लहान आवारासाठी मोठा डेक घेण्याचे प्रयोजन फारसे उरत नाही. खडबडीत जमिनीवर रुंद डेकचे आणखी एक वैगुण्य दिसते. उंचवट्यावरून जाताना त्याची कड जमिनीला टेकते व तेथील गवत मुळापर्यंत खरवडले जाते. डेकखालील लहान आधारचाके हा दोष काही अंशी कमी करतात.

कुंपणाच्या फाटकाची रुंदी हा अनेकदा दुर्लक्षिला जाणारा मुद्दा आहे. डेकची जाहीर केलेली रुंदी ही कापणीची रुंदी असते. बाजूचे निर्गमद्वार खाली असताना यंत्राची एकूण रुंदी तिच्याहून बरीच अधिक भरते. म्हणून फाटकाशी तुलना करताना यंत्राची एकूण रुंदी पाहावी लागते.

### डेकची घडण

डेक दोन प्रकारे बनवले जातात. एकाच पत्र्याला साच्यात दाबून आकार दिलेले डेक हलके व स्वस्त असतात आणि त्यांच्या गोलाईमुळे हवेचा प्रवाह चांगला राहतो. जाड पत्र्याचे तुकडे वेल्डिंगने जोडून बनवलेले डेक जड व टिकाऊ असतात. पत्र्याची जाडी 'गेज' या मापात सांगितली जाते. गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड असतो. १२ गेजचा पत्रा सुमारे २.७ मिमी, १० गेजचा सुमारे ३.४ मिमी, तर ७ गेजचा सुमारे ४.६ मिमी जाड असतो. दगड-मुळे नसलेल्या घरगुती हिरवळीसाठी दाबून बनवलेला डेकही पुरेसा ठरू शकतो.

### चालनसंच

यंत्राच्या आयुष्याच्या दृष्टीने चालनसंच हा निर्णायक घटक मानला जातो. इलिनॉय राज्यातील हायड्रो-गिअर ही कंपनी अनेक उत्पादकांना असे संच पुरवते. त्यामुळे वेगवेगळ्या रंगांच्या व नावांच्या यंत्रांत एकाच जातीचा संच आढळू शकतो, आणि एकाच उत्पादकाच्या स्वस्त व महाग यंत्रांतील खरा फरकही अनेकदा येथेच असतो.

हलक्या घरगुती संचांतील तेल मालकाने बदलावे अशी त्यांची रचना नसते. असा संच सौम्य वापरात वर्षानुवर्षे चालतो, पण बिघडल्यास सहसा संपूर्ण बदलावा लागतो. त्यावरील श्रेणीच्या संचांत तेल व गाळणी बदलण्याची सोय असते. आठवड्याला दोन-तीन एकर कापणाऱ्या, चढ-उतारावर काम करणाऱ्या किंवा गवताची भरलेली पिशवी वाहणाऱ्या यंत्रासाठी दुसरा प्रकार अधिक योग्य समजला जातो.

### इंजिन

पेट्रोलवरील यंत्रांत उभ्या दांड्याची, इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात दोन सिलिंडर असलेली इंजिने प्रचलित आहेत. कावासाकी, कोहलर व ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन हे त्यांचे प्रमुख निर्माते होत. घरगुती यंत्रांत साधारणतः २० ते २५ अश्वशक्तीची इंजिने असतात.

अश्वशक्तीचा आकडा जाहिरातीत ठळक असला तरी त्यावर एकट्यावर विसंबणे योग्य ठरत नाही. गवतकापणी यंत्रांच्या इंजिनांची शक्ती वाढवून सांगितली गेल्याच्या तक्रारींवरून अमेरिकेत अनेक उत्पादकांविरुद्ध सामूहिक दावे चालले व २०१० मध्ये त्यांत तडजोड झाली. तुलनेसाठी इंजिनाचे घन सेंटिमीटरमधील आकारमान, तेलाची दाबयुक्त वंगणव्यवस्था, हवेच्या गाळणीचा आकार आणि सुट्या भागांची उपलब्धता या बाबी अधिक उपयुक्त ठरतात.

### विद्युत यंत्रे

लिथियम-आयन बॅटरीवर चालणारी झिरो-टर्न यंत्रे २०१० च्या दशकापासून वाढत गेली. त्यांत प्रत्येक चाकाला व पात्यांना स्वतंत्र विद्युत मोटर असते. आवाज कमी, जागेवर धूर नाही आणि इंजिनतेल, पट्टे वा द्रवसंच यांची देखभाल बव्हंशी टळते, हे त्यांचे गुण होत. अधिक मूळ किंमत आणि एका भारणात कापता येणाऱ्या क्षेत्राची मर्यादा हे दोष होत. दाट, ओल्या किंवा फार वाढलेल्या गवतात ऊर्जा जास्त लागते व जाहीर केलेले क्षेत्र पूर्ण होत नाही. त्यामुळे आवाराच्या क्षेत्रफळापेक्षा बरीच अधिक क्षमता असलेली बॅटरी घेतली जाते. कॅलिफोर्निया राज्याने २०२१ मध्ये केलेल्या कायद्यान्वये लहान इंजिनांवरील नव्या यंत्रांवर कडक निर्बंध आणले असून गवतकापणी यंत्रांना ते २०२४ च्या प्रतिमानांपासून लागू झाले.

बॅटरीच्या यंत्रालाही उताराची मर्यादा लागू असते. चालना तेलाची असो वा विजेची, जमिनीशी संबंध त्याच दोन चाकांचा असतो.

### आसन व नियंत्रण

बहुतेक यंत्रे मांडीवर येणाऱ्या दोन तरफांनी चालवली जातात. त्यांची सवय होण्यास काही तास लागतात. आरंभी यंत्र हिसके देत, नागमोडी चालते. काही यंत्रांत तरफांऐवजी सुकाणूचक्र असून पुढील चाकेही त्याला जोडलेली असतात. कब कॅडेट कंपनीने अशी रचना लोकप्रिय केली. पुढील चाकांना दिशा मिळत असल्याने उतारावर ती अधिक स्थिर राहतात, तरी उत्पादकाने ठरवलेली मर्यादा त्यांनाही पाळावी लागते.

यंत्राला पुढे-मागे ताठ सांगाडा असल्यामुळे खडबडीत जमिनीचे धक्के थेट चालकाच्या पाठीला बसतात. स्प्रिंगचे आसन, उंच पाठ किंवा चाकांना दिलेली लवचीक टांगणी यांनी ते कमी होतात. पाठदुखी असलेल्या व्यक्तीने खरेदीपूर्वी यंत्र प्रत्यक्ष जमिनीवर चालवून पाहणे उपयुक्त ठरते.

### किंमत व सेवा

२०२० च्या दशकात अमेरिकेत घरगुती झिरो-टर्न मोवरची किंमत साधारणतः ३,००० ते ६,००० डॉलर असून व्यावसायिक श्रेणीची यंत्रे १०,००० डॉलरच्या पुढे जातात. मोठ्या साखळी-दुकानांत यंत्र स्वस्त मिळू शकते. स्थानिक अधिकृत विक्रेत्याकडे ते जुळवून व तपासून दिले जाते आणि दुरुस्तीची सोयही तेथेच असते. हमीची मुदत व्यावसायिक यंत्रांत वर्षांबरोबर वापराच्या तासांतही मोजली जाते. घरगुती हमी असलेले यंत्र भाड्याने किंवा व्यवसायासाठी वापरल्यास ती हमी बहुधा कमी होते किंवा संपुष्टात येते. वापरलेले यंत्र घेताना तासमापक, पात्यांच्या दांड्यांचा खुळखुळ, तेलगळती आणि तेल गरम झाल्यावर चढावर टिकणारी ताकद तपासली जाते.

## अन्य यंत्रांशी तुलना

हिरवळ-ट्रॅक्टर हे झिरो-टर्न मोवरचे सर्वांत जवळचे प्रतिस्पर्धी होय. ट्रॅक्टरला पुढील चाकांनी दिशा मिळते. त्याला लहान गाडा, खत पसरणी किंवा बर्फ सरकवण्याचे फळे जोडता येते. त्याचे वळण मात्र मोठे असल्याने झाडाभोवती न कापलेले गवत उरते. ज्या घराला एकाच यंत्राकडून अनेक कामे हवी असतात, त्याला ट्रॅक्टर अधिक उपयोगी पडतो. झिरो-टर्न मोवर हे मुख्यतः एकाच कामाचे यंत्र आहे.

अर्ध्या एकराहून लहान आवारात स्वयंचालित हातयंत्र पुरेसे असते व ते ठेवण्यास जागाही कमी लागते. उभे राहून चालवण्याची यंत्रेही शून्य त्रिज्येत वळतात. धोका जाणवताच चालक त्यांवरून मागे उतरू शकतो, परंतु ती प्रामुख्याने व्यावसायिक वापरासाठी बनतात. हुस्कवार्ना कंपनीने १९९५ मध्ये सौरऊर्जेवरील स्वयंचलित मोवर बाजारात आणला. तेव्हापासून विकसित झालेली यंत्रमानवी मोवर युरोपात विशेष प्रचलित आहेत.

## सुरक्षितता

चालक आसनावरून उठताच पाती थांबावीत, यासाठी आसनाखाली कळ बसवलेली असते. ती निकामी करणे हे अपघाताचे थेट निमंत्रण ठरते. अनेक यंत्रांवर चालकाच्या पाठीमागे पोलादी संरक्षक कमान असते. यंत्र उलटल्यास कमान व आसनपट्टा मिळून चालकाला यंत्राखाली चिरडण्यापासून वाचवतात. कमान उभी असताना पट्टा बांधणे आवश्यक असते. झाडाखालून जाण्यासाठी ती दुमडली असेल, तर पट्टा बांधू नये, अशी उत्पादकांची सूचना असते, कारण कमानीविना उलटलेल्या यंत्रात पट्टा चालकाला अडकवून ठेवतो.

लहान मुलांना होणाऱ्या इजा हा या यंत्रांबाबतचा सर्वांत गंभीर प्रश्न आहे. यंत्र मागे घेताना पाठीमागे आलेले मूल चालकाला दिसत नाही. फेरफटका म्हणून मांडीवर बसवलेले मूल खाली घसरल्यास ते थेट पात्यांच्या जवळ जाते. एकदा अशी सवय लागलेले मूल पुढेही यंत्राकडे धावत येते. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ अकादमीच्या शिफारशीनुसार १६ वर्षांखालील मुलांनी बैठे मोवर चालवू नये, चालकाबरोबर कोणत्याही मुलाला बसवू नये व कापणी चालू असताना लहान मुलांना घरातच ठेवावे. चालकाने बंद बूट, डोळ्यांचे संरक्षण व कर्णरक्षक वापरावेत, असेही सुचवले जाते.

## देखभाल व कापणीची उंची

पाती सुमारे २५ तासांच्या कामानंतर धार लावून समतोल केली जातात. बोथट पाते गवत कापण्याऐवजी फाडते व टोके पिवळी पडतात. टायरांतील हवेचा दाब असमान असल्यास डेक तिरका होतो व कापणीत पायऱ्या दिसतात. इंजिनतेल सामान्यतः १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा बदलले जाते. डेकखाली चिकटलेले ओले गवत न काढल्यास पत्रा गंजतो. डेकखाली काम करण्यापूर्वी स्पार्क प्लगची तार किंवा बॅटरीची जोडणी सोडवली जाते.

कापणीची उंची गवताच्या जातीनुसार ठरते. अमेरिकेच्या थंड भागातील टॉल फेस्क्यू साधारणतः ७.५ ते १० सेंटिमीटर उंच राखले जाते. उष्ण दक्षिण भागातील बर्म्युडा गवत २.५ ते ५ सेंटिमीटरपर्यंत आखूड कापले जाते. बर्म्युडा गवत म्हणजेच महाराष्ट्रात हरळी किंवा दूर्वा म्हणून ओळखले जाणारे गवत होय. एका वेळी पात्याच्या उंचीच्या एक-तृतीयांशाहून अधिक भाग कापू नये, हा नियम सर्वच जातींना लागू केला जातो. पावसानंतर गवत व जमीन सुकू दिल्यास कापणी स्वच्छ होते, मातीवर चाकोऱ्या पडत नाहीत आणि मागील चाकांची पकडही टिकून राहते.

## हेही पाहा

* हिरवळ
* गवतकापणी यंत्र
* एडविन बडिंग
* हरळी